पाळण्याशेजारची वही

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण बहुधा मागाहून उच्चारली जाते. मूल मोठें झालें, नांवारूपास आलें, म्हणजे घरांतील एखादें वडील माणूस त्याच्या बालपणची गोष्ट आठवून सांगतें आणि सर्वजण माना डोलावतात. परंतु मूल खरोखरीच पाळण्यांत असतांना त्याच्या पायांकडे बारकाईनें पाहणारा बाप विरळा. असा एक बाप १८३९ सालीं लंडन शहरांत होता. त्याचें नांव चार्ल्स डार्विन. सजीव सृष्टीच्या उत्क्रांतीविषयीं त्यानें मांडलेला सिद्धांत जगप्रसिद्ध आहे; पण आज त्या सिद्धांताची चर्चा करावयाची नाहीं. पिकल्या दाढीचा ऋषितुल्य पंडित होण्यापूर्वीं हा मनुष्य तिशींतला नवखा बाप होता. त्या बापाची ओळख श्रोत्यांना करून द्यावी, एवढाच आजचा हेतु आहे.

‘बीगल’ या जहाजावरून जवळजवळ पांच वर्षें पृथ्वीपर्यटन करून डार्विन १८३६ मध्यें मायदेशीं परतला. पुढें दोन वर्षांनीं, लग्न करावें कीं करूं नये, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला. तेव्हां त्यानें कागदावर दोन रकाने पाडले आणि वाणी जमाखर्च मांडतो तसा विवाहाचा जमाखर्च मांडला. एका बाजूस वेळेचा नाश, संध्याकाळच्या वाचनास मुकणें, मुलाबाळांचा खर्च व काळजी, पुस्तकांसाठीं कमी पडणारा पैसा. दुसऱ्या बाजूस मुलें, म्हातारपणची सोबत, घरांतलें संगीत आणि गप्पागोष्टी. अखेर शिल्लक विवाहाच्या बाजूस निघाली. १८३९ च्या जानेवारींत एम्मा वेजवुड हिच्याशीं त्याचा विवाह झाला. एम्मा ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेहि कित्येक जातींत आहे, तेव्हां या नात्याचें आपणांस नवल वाटावयास नको. मात्र त्याच नात्यानें पुढें डार्विनच्या मनास मोठा घोर लावला. त्याच वर्षीं २७ डिसेंबरला त्यांचा पहिला मुलगा विल्यम जन्मास आला. खर्चाच्या रकान्यांत लिहिलेली काळजी आणि जमेच्या रकान्यांत लिहिलेलें मूल, हीं दोन्ही एकाच दिवशीं घरांत आलीं.

मूल जन्मतांच डार्विननें त्याच्या नांवानें एक वही सुरू केली. हर्ष, क्रोध, भय हे विकार मनुष्याच्या मुद्रेवर कसे उमटतात, ते उपजत असतात कीं अनुकरणानें येतात, हा प्रश्न त्याच्या मनांत घोळत होता. १८३८ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत त्यानें जेनी नांवाची ओरंगउटान मादी पाहिली होती. रक्षकानें तिला सफरचंद दाखविलें पण दिलें नाहीं, तेव्हां ती पाठीवर पडून, हट्टी मुलासारखी लाथा झाडीत रडूं लागली. तें पाहून आलेल्या माणसाच्या घरीं आतां स्वतःचेंच मूल रडत होतें. शास्त्रज्ञास हवा असलेला अभ्यासाचा विषय पाळण्यांत आयता मिळाला.

सातव्या दिवशीं त्यानें कागदाच्या तुकड्यानें बाळाच्या उघड्या तळपायास स्पर्श केला. बाळानें पाय झटकन् आंखडून घेतला आणि गुदगुल्या केलेल्या मोठ्या मुलाप्रमाणें बोटें मुडपलीं. नवव्या दिवशीं बाळाची नजर मेणबत्तीवर स्थिरावली. पुढें ४५ व्या दिवसापर्यंत दुसरी कोणतीहि वस्तु तिला तशी खिळवूं शकली नाहीं. ४९ व्या दिवशीं एका भडक रंगाच्या गोंड्यानें ती वेधून घेतली. पहिलें खरें हंसू ४५ व्या दिवसाच्या सुमारास उमटलें, आणि तें आईकडे पाहून. आपलें एक बाळ ७७ दिवसांचें असतांना डार्विनच्या कोटाच्या बाहीची कड चुकून त्याच्या डोळ्यास लागली. बाळ किंचाळून रडलें. दुखावलेल्या डोळ्यांतून पाणी वाहिलें, पण दुसरा डोळा कोरडाच राहिला. लहान मूल प्रथम आसवांवांचून रडतें, ही गोष्ट त्यावरून बापाच्या ध्यानांत आली. त्या बाळाच्या गालांवरून रडतांना आसवें ओघळलीं तीं १३९ व्या दिवशीं. घरोघरच्या आज्यांना ही गोष्ट ठाऊक असेलहि, परंतु दिवस मोजून ती लिहून ठेवणारा हा बापच.

बापाचे खेळहि वहींत आले आहेत. विल्यमजवळ बसून तो नाना तऱ्हेचे मोठमोठे आवाज काढी आणि मुलाला ती सारी थट्टा वाटे. साडेचार महिन्यांच्या सुमारास एके दिवशीं त्यानें, पूर्वीं कधीं काढला नव्हता असा, घोरण्याचा मोठा आवाज काढला. मूल एकदम गंभीर झालें आणि रडूं लागलें. त्याच वयांत आरशांतील स्वतःचें व बापाचें प्रतिबिंब पाहून तें हंसे; तीं खरींच माणसें आहेत असें त्यास वाटत असावें, कारण बापाचा आवाज पाठीमागून आला म्हणजे तें चकित होई. पुढें दोन महिन्यांच्या आंतच त्यास उमगलें. बापानें मागें उभें राहून न बोलतां तोंड वेडावलें, कीं तें आरसा सोडून चटकन् मागें वळून पाही.

पानें उलटतात तशी या वहींतील भाषा हळूहळू बदलूं लागते. शास्त्रज्ञाच्या खांद्यावरून बाप डोकावूं लागतो. बरोबर एक वर्षाचें झाल्यावर मुलानें खाण्यासाठीं ‘मम्’ हा स्वतःचा शब्द बनविला. तेराव्या महिन्यांत बापानें एकदां लटक्या रागानें म्हटलें, कीं डॉडी गरीब बाबांना पापा देत नाहीं, डॉडी वाईट आहे. डॉडी हें विल्यमचें लाडकें नांव. हें ऐकून मूल किंचित् अस्वस्थ झालें. बाप परत खुर्चीवर जाऊन बसला तेव्हां त्यानें ओंठ पुढें केले, आणि बाप येऊन पापा घेईपर्यंत तें रागानें हात हलवीत राहिलें. सव्वादोन वर्षांचा असतांना त्यानें आपल्या खाऊचा शेवटचा तुकडा धाकट्या बहिणीस दिला आणि लगेच आपल्याच चांगुलपणाचा मोठ्यानें जयघोष केला!

तीन वर्षांच्या आंतच तोच डॉडी जेवणघरांतून अंगरख्यावरचें फडकें नीट गुंडाळून धरीत बाहेर आला. त्यांत कांहीं नाहीं असें सांगून तो बापालाच निघून जा म्हणूं लागला. उलगडून पाहतां त्यावर लोणच्याच्या रसाचे डाग! चोरी उघड होती. आपल्याकडील त्या काळच्या कोणत्याहि घरांत अशा अपराधास चपराक ठरलेली असती. डार्विननें मात्र या मुलास केवळ त्याच्या सद्भावनांना आवाहन करून वाढविलें, आणि तें लवकरच सत्यवादी व कोमल मनाचें झालें, असें त्यानें समाधानानें नमूद केलें आहे. ज्यानें मुलाची लबाडी आणि मुलाचें औदार्य हीं दोन्ही सारख्याच कुतूहलानें पाहिलीं, त्याचा हात मारण्यासाठीं सहसा उठत नाहीं.

१८४२ मध्यें हें कुटुंब केंट परगण्यांतील डाऊन या खेड्यांत राहावयास गेलें. डार्विन दांपत्यास एकंदर दहा अपत्यें झालीं. घरांत मुलांची वर्दळ आणि त्यांतच बापाचें लेखन चाले. मुलें दोरी, कात्री असल्या वस्तूंसाठीं वारंवार त्याच्या अभ्यासिकेंत शिरत. चारेक वर्षांच्या एका मुलानें तर, कामाच्या वेळीं खेळावयास यावें म्हणून, बापाला सहा पेन्सांची लांच देऊं केली. आजारी मुलास बापाजवळ कोचावर निजविण्यांत येई. तेथें त्यास सुरक्षित वाटे. ज्या ग्रंथानें पुढें जग हालविलें, त्याच्या हस्तलिखिताच्या कांहीं पृष्ठांमागें मुलांनीं काढलेलीं चित्रें आजहि पाहावयास मिळतात. एकांत फळांची व भाज्यांची लढाई जुंपलेली आहे. तें घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेलें आहे.

परंतु निरीक्षणानें दुःख टळत नाहीं. तिसरें मूल, मेरी, अवघें तीन आठवडे जगलें. १८४१ मध्यें जन्मलेली थोरली मुलगी ॲनी ही बापाची विशेष लाडकी. १८५१ मध्यें तिला जलोपचारासाठीं मॅल्व्हर्न येथें नेण्यांत आलें. एप्रिलमध्यें तिची प्रकृति ढांसळली, तेव्हां डार्विन तिच्या उशाशीं जाऊन बसला. एम्मा गरोदर असल्यामुळें घरींच होती. तिला तो पत्रांनीं क्षणाक्षणाची हकीकत कळवीत होता. २३ एप्रिलला दहा वर्षांची ॲनी गेली.

एक आठवड्यानें डार्विननें पुन्हां लेखणी हातीं घेतली आणि पाळण्याजवळ लिहीत असे तशाच बारकाईनें गेलेल्या मुलीविषयीं लिहिलें. ती अर्धा अर्धा तास बापाचे केस कशी विंचरीत व नीटनेटके करीत असे, फिरावयास गेलों असतां पुढें धांवत जाऊन कशी गिरक्या घेई, चोरून आणलेली तपकिरीची चिमूट हातांत ठेवतांना तिचा चेहरा कसा फुले, हें सारें त्यांत आहे. तिचें एक छायाचित्रहि घरीं होतें. तें तिच्यासारखें दिसतें खरें, पण तिच्या मुद्रेवरचा भाव त्यांत मुळींच आलेला नाहीं, असें त्यानें लिहून ठेवलें. मुद्रेवरील भावांचा अभ्यास करण्यासाठीं हाच मनुष्य सुमारें अकरा वर्षांपूर्वीं वही घेऊन पाळण्यापाशीं बसला होता, हें ध्यानांत आणलें म्हणजे त्या एका वाक्याचें दुःख कळतें.

तेव्हांपासून एका शंकेनें त्याचा पिच्छा सोडला नाहीं: मामेबहिणीशीं विवाह केल्यामुळें तर मुलें नाजूक निपजलीं नाहींत ना? १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें डार्विन व वॉलेस यांचे उत्क्रांतीविषयक लेख प्रथम वाचले गेले, तेव्हां डार्विन तेथें नव्हता. त्याचें दहावें अपत्य, दीड वर्षाचें मूल, तीन दिवसांपूर्वींच तापानें गेलें होतें. १८७१ च्या खानेसुमारींत अशा नात्यांतील विवाहांविषयीं प्रश्न घालावा म्हणून त्यानें खटपट केली, परंतु पार्लमेंटनें ती सूचना फेटाळली. पुढें १८७५ मध्यें जॉर्ज या त्याच्याच मुलानें या विषयावर आंकडेवारी गोळा करून निबंध लिहिला.

विल्यमची वही मात्र तशीच पडून होती. १८७२ च्या विकारांच्या अभिव्यक्तीवरील ग्रंथांत त्यानें मुलांविषयींच्या कांहीं नोंदी वापरल्या. आणि १८७७ मध्यें तेन या फ्रेंच पंडिताचा बालभाषेवरील लेख वाचून त्यानें ती जुनी वही काढली व ‘माइंड’ या नियतकालिकांत तींतील हकीकत प्रसिद्ध केली. नोंदी लिहिल्या त्याला तेव्हां सदतीस वर्षें लोटलीं होतीं. लोणचें चोरणारा डॉडी एव्हांना साउदॅम्प्टन येथें पेढीवाला झाला होता. बालमानसशास्त्राच्या आरंभींच्या लेखनांत या लेखाची आज गणना होते.

डार्विनजवळ वडिलोपार्जित संपत्ति होती. त्यास नोकरीसाठीं घराबाहेर पडावें लागत नव्हतें. मुलांचें खाणेंपिणें, न्हाऊं-माखूं घालणें हें एम्मा व दाया पाहत. रात्रीं उठावें लागे तें बहुधा त्यांनाच. गाडीच्या गर्दींतून रात्रीं उशिरां घरीं पोंचणाऱ्या आणि मूल झोपलेलेंच पाहणाऱ्या आजच्या मुंबईकर पित्यास एवढी फुरसद कोठून मिळणार, असें कोणी विचारील, आणि तें रास्तच आहे. परंतु डार्विनच्या नोंदी लांबलचक नाहींत. पुष्कळशा दोनचार ओळींच्याच आहेत. हल्लीं बाळाचीं छायाचित्रें मोबाईलवर शेंकड्यांनीं निघतात. तीं अवश्य काढावीं. पण पहिल्यांदां कोणत्या आवाजाला मूल दचकलें, कोणता शब्द त्यानें स्वतः बनविला, रुसवा कसा काढला, हें छायाचित्रांत येत नाहीं. तें शेजारीं बसलेल्या माणसालाच दिसतें. आई मुलाला दूध देते. बापाला तें देतां येत नाहीं; परंतु आठवड्यांतून एक संध्याकाळ मुलाशेजारीं स्वस्थ बसून जें दिसेल तें दोन ओळींत लिहून ठेवणें कोणत्याहि बापाला जमण्यासारखें आहे.