पाहिलेच पाहिजेत असे चार चित्रपट



सत्तरच्या दशकातले कोणते चित्रपट पाहिलेच पाहिजेत, ते सांगा, अशी चालकांची आज्ञा आहे. यादी वाचून दाखवावयाची तर पाच मिनिटांचे काम. पण यादीने कोणाचे पोट भरत नाही. म्हणून मी चारच चित्रपट घेणार आहे, आणि चारच का, तेही सांगणार आहे.

याच दशकात, 1975 साली, ‘दीवार’ आणि ‘शोले’ प्रदर्शित झाले. तेही पाहावेत, ज्यांनी ते पाहिले नाहीत असे श्रोते या मांडवात थोडेच असतील. त्या चित्रपटांत अन्यायाचा हिशेब पडद्यावरच चुकता होतो. आपण टाळ्या वाजवितो आणि हलक्या मनाने घरी जातो. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते चित्रपट हिशेब पुरा करीत नाहीत. उरलेली बाकी ते आपल्या नावावर मांडतात.

पहिला ‘सामना’. विजय तेंडुलकरांचे लेखन, डॉ. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. हा मराठी चित्रपट 1975 साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेला. गोष्ट मात्र आपल्याच उसाच्या मुलखातली. हिंदुराव धोंडे पाटील हे तिथले सर्वेसर्वा. निळू फुले यांनी हा माणूस नुसता खलनायक म्हणून रंगविला नाही. त्याने कारखाना उभा केला, पैसा आणला, लोकांना कामे दिली. त्याच्या राज्यात एक फाटका, दारूच्या आहारी गेलेला मास्तर येऊन पडतो. ही डॉ. श्रीराम लागूंची भूमिका. मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावातून नाहीसा झाला आहे. त्याचे काय झाले, एवढेच हा मास्तर विचारीत राहतो. त्याच्यापाशी सत्ता नाही, पैसा नाही. निर्व्यसनीपणाची पुण्याईदेखील नाही. तरी त्या एका प्रश्नाने साम्राज्य हादरते. मला यातला बोध मोठा वाटतो. आपण म्हणतो, ‘आम्ही कोण विचारणारे? आमचे तरी हात कुठे स्वच्छ आहेत?’ मास्तरकडे पाहा. प्रश्न विचारण्यासाठी संत व्हावे लागत नाही.

दुसरा ‘गर्म हवा’. एम. एस. सथ्यू यांनी 1973 साली तो पुरा केला. इस्मत चुगताईंची अप्रकाशित कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांची पटकथा. दंगे होतील या भीतीने सेन्सॉरने तो काही महिने रोखून धरला होता. फाळणीनंतरचे आग्रा. सलीम मिर्झा जोडे बनविण्याचा कारखाना चालवितो. एकेक नातलग पाकिस्तानात जातो. आज ना उद्या हाही जाणार, म्हणून त्याला कोणी कर्ज देत नाही. राहती हवेली भावाच्या नावावर. भाऊ गेला, हवेलीही गेली. म्हाताऱ्या आईचा जीव मात्र त्या हवेलीतच अडकलेला. या चित्रपटात कोणी तलवार उपसत नाही. माणसाला परके करण्याचे काम कागद, भाडेकरार आणि कुजबुज एवढ्यांनीच होते. शेवटी थकून तोही टांग्यात बसतो. स्टेशनच्या वाटेवर लोकांचा मोर्चा लागतो. मुलगा उतरतो आणि मागोमाग तोही उतरून गर्दीत मिसळतो. बलराज साहनींची ही भूमिका पाहाच. चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच ते वारले.

तिसरा ‘मंथन’, साल 1976, दिग्दर्शक श्याम बेनेगल. गुजरातेतल्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घालून तो काढला. गुणाकार तुम्हीच करा. डॉक्टर राव सहकारी दूध संस्था काढण्यासाठी खेड्यात येतात. दुधाचा व्यापारी आडवा येतो, हे अपेक्षितच. पण त्याहून मोठी अडचण जातीची, रांगेत कोण कोणाच्या पुढे उभे राहील याची. डॉक्टरांना अखेर परत जावे लागते. संस्था मात्र राहते, कारण गावातलाच भोळा ती खांद्यावर घेतो. बाहेरचा शहाणा वाट दाखवील; ओझे गावानेच उचलावयाचे असते. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या आपणा महाराष्ट्रीयांनी ‘सामना’ आणि ‘मंथन’ लागोपाठ पाहावेत. सहकाराचे दोन्ही चेहरे दिसतील.

चौथा ‘भूमिका’, बेनेगलांचाच, 1977 सालचा. आधार हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्राचा. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घर चालविणारी नटी घरातल्या कोणाच्याच मालकीतून सुटत नाही. प्रतिष्ठित माणसाच्या वाड्यात मान मिळतो, पण उंबरा ओलांडण्याची मोकळीक मिळत नाही. शेवटी मुलगी आपल्या घरी बोलाविते. तिथेही ती जात नाही. एकटेपण पत्करते. हे बरोबर की चूक, याचा निकाल चित्रपट देत नाही. घरी गेल्यावर नवराबायकोंनी त्यावर जरूर भांडावे.

कोणी म्हणेल, दिवसभर कष्ट करून आलेल्या माणसाने हे उदास खेळ का पाहावेत? आक्षेप रास्त आहे. पण नीट पाहा. मास्तर विचारणे सोडीत नाही, मिर्झा देश सोडीत नाही, भोळा संस्था सोडीत नाही, आणि ती नटी आपला हट्ट सोडीत नाही. याला उदास कसे म्हणावे?

एक शेवटची गोष्ट. फिल्म नाशवंत असते. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ‘मंथन’ची जुनी फिल्म दुरुस्त होऊन 2024 साली कान महोत्सवात पुन्हा दाखविली गेली. जतन करणारे आपले काम करीत आहेत. पण पाहणाराच नसेल तर जपलेली फिल्म ही पेटीतली पैठणीच. ती बाहेर काढून पाहण्याचे काम तुमचे-माझे आहे. चार संध्याकाळी काढा, आणि घरातल्या तरुणांना शेजारी बसवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.