पेशी मेल्या म्हणजे रोगी बरा झाला असं नव्हे

औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधरांनो,

माझी सगळी नोकरी वनस्पतींमधले रेणू वेगळे करण्यात गेली आणि त्यातला मोठा भाग नरक्यापायी. तो फुलला की वासानं नाक दाबावं लागतं. सह्याद्रीतल्या या झाडाच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं. अर्काचा ठिपका टीएलसी प्लेटवर चढवून अतिनील दिव्याखाली धरला की तो निळा लखलखतो. अजूनही तो दिसला की मला आनंद होतो.

हा रेणू 1966 साली एका चिनी झाडातून शोधला मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात. वाणी आपले नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. 1971 साली याच दोघांनी सहकाऱ्यांसह टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाची रचना जगापुढे मांडली. बारा किलो खोड-सालीतून हाती आलं होतं अर्धा ग्रॅम. मी कॉलेजाकॉलेजांत वाणींचं नाव विचारतो. हात वर होत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. नरक्यातही कॅम्प्टोथेसिन आहे हे 1972 साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, तेही गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून. पुढे व्यापारी आले. झाडं बुंध्यापासून तुटली, लाकूड किलोवर गेलं. शोधनिबंधात झाडाची नेमकी जागा छापू नये म्हणून मी भांडत आलो. परीक्षक मात्र अक्षांश-रेखांशावाचून पुढे सरकायला तयार नसत.

आणि कॅम्प्टोथेसिनचा रेणू सापडला म्हणून कर्करोगावर औषध झालं का? कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. त्यात रेणूचं एक कडं उघडलं, गुण गेला आणि मूत्राशयातून रक्त यायला लागलं. चाचण्या थांबल्या. पेशीतल्या टोपोआयसोमरेज-1 या विकराला तो अडवतो हे 1985 साली कळलं, तेव्हा पुन्हा हालचाल झाली. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही त्याची सुधारित रूपं अमेरिकेत मंजूर झाली 1996 साली. तीस वर्षं!

आमच्या पेशात मात्र तीस दिवसांचाही धीर नाही. आमच्या प्रयोगशाळेत एका अर्कानं काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मारल्या. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा: ‘कर्करोगावर रामबाण पाला’. मी खुलासा पाठवला, तो आतल्या पानावर तीन ओळींत आला. त्या आठवड्यात एक शेतकरी बायकोला घेऊन दारात उभे. पिशवीत तोच पाला, आणि फाइलमध्ये शस्त्रक्रियेची उलटून गेलेली तारीख. ‘सर, कापाकापीपेक्षा झाडपाला बरा ना? त्यानं अपाय तर होत नाही.’ बाई काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांना तिथूनच इस्पितळात घेऊन गेलो.

अपाय होत नाही? दारातली सदाफुली घ्या. 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे जमैकातून तिची पानं आली, मधुमेहासाठी. उंदरांना अर्क पाजला तर साखर हलली नाही. टोचला तर उंदीर जंतुसंसर्गानं मेले, कारण पांढऱ्या पेशीच कमी झाल्या होत्या. त्यातून आधी व्हिनब्लास्टिन हाती आलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. रक्ताच्या कर्करोगातून किती मुलं त्यानं वाचली! तेच व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचलं गेलं तर जीव घेतं.

रोग टाळण्याच्या बाबतीतही तेच. गाजरात, पालेभाज्यांत बीटा-कॅरोटीन असतं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना त्याच्या गोळ्या दिल्या. 1994 साली निष्कर्ष आले: गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त! भाजी खायलाच हवी, पण भाजीतला एक रेणू वेचून गोळीत भरला की तो भाजीसारखा वागेलच असं नाही.

मुलांनो, पेशी मेल्या म्हणजे रोगी बरा झाला असं नव्हे. बशीतल्या पेशी तर ब्लीचिंग पावडरही मारते. बशीतून उंदरात, उंदरातून माणसात, मात्रा ठरवत, अपाय मोजत जाणं हेच आपलं काम आहे. हळदीवर, गुळवेलीवर काम करू नका असं मी मुळीच म्हणत नाही. जीव ओतून करा. पण ते पुरं व्हायच्या आत कुणी तुमच्या तोंडून ‘गुणकारी’ हा शब्द काढून घेत असेल, तर देऊ नका. मार्गदर्शक मागोत, कंपनी मागो, देऊ नका.

तुमच्यातले बरेच जण औषधाच्या दुकानात बसतील. कर्करोगाची चिठ्ठी घेऊन कुणी आलं तर न ओरडता, न हिणवता विचारा, ‘आजी, याच्याबरोबर कुठला काढा, कुठली पावडर चालू आहे?’ सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सोबत घेतली तर इरिनोटेकानचं रक्तातलं कामाचं रूप 42 टक्क्यांनी घटतं, हे मोजलेलं आहे. आजी लगेच सांगणार नाहीत. पुन्हा विचारा, नाव लिहून घ्या आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावा.