तेलविहिरीतील प्रवाहाचे नियमन

पाटाच्या मुखाशी ज्याची जमीन, त्याच्या शेतात पाणी तुंबते आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी वाट पाहत राहतो, हा अनुभव खेड्यापाड्यांत नवा नाही. खनिज तेलाच्या विहिरीतही असेच घडते. मात्र तेथील नुकसान पुढच्या पाळीला भरून निघत नाही.

नॉर्वेनजीक उत्तर समुद्रात १९७९ मध्ये ट्रोल हे क्षेत्र सापडले. वर नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा, खाली पाणी आणि मध्ये तेलाचा पातळ थर. पश्चिम भागात कोठे २२ ते २६ मीटर, तर कोठे अवघा १२ ते १४ मीटर. उभ्या विहिरीने हे तेल उपसू जावे, तर वायू किंवा पाणीच आधी खेचले जाते. म्हणून थराला समांतर अशा आडव्या विहिरी खोदण्यात आल्या आणि १९९५ मध्ये तेलाचे उत्पादन सुरू झाले.

तथापि लांब नळीत घर्षण आड येते. उभ्या भागालगतच्या ‘टाचे’कडे ओढ अधिक, दूरच्या टोकाकडे कमी. टाचेपाशी वायू एकदा शिरला की तो सहसा वाट सोडत नाही आणि टोकाकडचे तेल जागीच राहते. यासाठी नळीवर ठिकठिकाणी बारीक छिद्रांचे नियंत्रक बसवितात. दुप्पट वेगाने येणाऱ्या प्रवाहाला त्यात सुमारे चौपट अडथळा होतो.

छिद्र केवढे असावे, हा खरा प्रश्न. साधा नियंत्रक विहिरीत उतरविल्यावर बदलणे अतिशय कठीण. तेव्हा विहीर आधी संगणकात खोदावी लागते. खडकाचे असंख्य ठोकळे कल्पून प्रत्येकाची सच्छिद्रता, पार्यता, दाब आणि त्यातील तेल, पाणी व वायू यांचे प्रमाण नोंदवितात. ठोकळ्यांमधील प्रवाह डार्सीच्या १८५६ च्या नियमाने काढतात. (हा नियम मुळात तेलासाठी नव्हे, तर पाणी गाळणाऱ्या वाळूच्या अभ्यासातून निघाला!) विहिरीचेही असेच तुकडे पाडून सर्व समीकरणे एकत्र सोडविली, की निरनिराळ्या छिद्रांनी पुढील काही वर्षांत किती तेल आणि किती वायू येईल, याचा अंदाज मिळतो.

अंदाजच तो. दोन विहिरींमधला खडक कोणी पाहिलेला नसतो. छिद्र फार लहान ठेवल्यास तेलही अडते. म्हणून एकाच खडकावर विसंबून न राहता अनेक संभाव्य खडक कल्पून गणित पुनःपुन्हा मांडतात आणि प्रत्यक्ष उत्पादनाशी ताडून पाहतात. ट्रोलमध्ये पुढे स्वयंचलित नियंत्रकही वापरण्यात आले. कमी श्यानतेचा वायू वेगाने आत येऊ लागला, की त्यातील सुटी चकती आपोआप सरकून वाट आवळते.