रविवारचा नियम नक्की कोणासाठी?

आज जरा रविवारबद्दल बोलूया.

मी वसईचा, कॅथलिक घरातला. लहानपणी एवढंच कळायचं, रविवारची मिस्सा चुकवली तर पाप. नोकरीला लागल्यावरही हिशोब तोच. मिस्सेला जाऊन आलो, नियम पाळला, विषय संपला.

मागच्या वर्षी आमचा रिलीज जवळ आला होता. रविवारी मिस्सा संपली आणि चर्चच्या दारातूनच मी टीममधल्या ज्युनिअरला मेसेज टाकला, "छोटासा बग आहे, बघ ना." खरं तर सोमवारपर्यंत काही बिघडत नव्हतं. संध्याकाळी त्याचा रिप्लाय आला, "झालं दादा. चार महिन्यांनी घरी आलो होतो, आता निघतोय परत."

मला काय लिहावं तेच सुचेना.

मग नियम नीट वाचला. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात, कलम १२४७ मध्ये, मिस्सेसोबत आणखी एक गोष्ट आहे : उपासना, त्या दिवसाचा आनंद, मनाची आणि शरीराची विश्रांती हिरावून घेणारी कामं टाळा. कॅटेकिझम तर पुढे जाऊन सांगतो, दुसऱ्याच्या रविवारवरही विनाकारण काम लादू नका. म्हणजे मी अर्धाच नियम पाळत होतो!

याचं मूळ शब्बाथात आहे. ज्यू लोकांचा तो शनिवार. येशू रविवारी पुन्हा उठला, म्हणून आपला रविवार. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात शब्बाथाचं कारण दिलंय : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते ना! म्हणून त्या दिवशी मालकासोबत नोकर, दासी, परदेशी, अगदी बैल आणि गाढवसुद्धा थांबतात.

आणि हा नियम माणसाला चिरडत नाही. आजारी असाल, तान्हं बाळ सांभाळत असाल, तर मिस्सेतून सूट आहे. येशूने स्वतः शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्यांना बरं केलं, लोक चिडले तरी. कारण नियम माणसाने जगावं म्हणूनच दिलाय.

त्या ज्युनिअरला मी सॉरी म्हटलं. त्याचा तो दिवस काही परत आला नाही. आता रविवारी काही सुचलंच तर मेसेज सोमवारी सकाळी नऊचा शेड्युल करतो.

तुमच्या फोनमध्ये आहे का असा एखादा मेसेज, जो उद्यापर्यंत थांबू शकतो? थांबवा त्याला. भेटू पुढच्या भागात!