बॉयलरचें पाणी आणि आमचीं मुलें

(वरसावे येथें पालकांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)

मास्तर आज परीक्षेचा निकाल सांगतील किंवा वह्या-पुस्तकांची गोष्ट काढतील, असें आपणांस वाटलें असेल. आम्ही मात्र जहाजाच्या इंजिनखोलींतील पाण्याविषयीं बोलणार आहों. हा विषय वरसाव्यास लांबचा नाहीं. ज्या खाडीच्या कांठीं आपण बसलों आहों, तिच्याच वरच्या अंगास कल्याण-भिवंडी आहे. शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं तीं ठाणीं घेतलीं आणि पुढें तेथें गलबतें बांधविलीं. तेथून समुद्रास जाण्याची एक वाट ही खाडी. त्या आरमारावर दौलतखान होता, मायनाक भंडारी होता. समुद्र ओलांडला कीं धर्म बुडतो असें पोथीवाले सांगत होते, तेव्हां दर्यावर जाऊन पोट भरणारे कोळी, भंडारी, खारवी आणि कोंकणी मुसलमान होते. दर्यावरील कष्ट आमचे, यांत वाद नाहीं. दर्यावरील विद्या आमची आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांस एका जुन्या विद्यार्थ्यानें घातला. दहावी होऊन तो जहाजावर गेला व इंजिनखोलींत पुसापुशीचें आणि हाताखालचें काम करतो. सुटींत भेटावयास आला, तेव्हां म्हणाला, "गुरुजी, पहिल्या आठवड्यांत मला बॅटरी हातीं देऊन सांगितलें कीं, एकेक पाइप धर आणि कोठून निघतो, कोठें जातो तें पाहून ये." लोखंडी पत्र्यांच्या फरशीखालीं पोटावर सरपटत त्यानें सारे पाइप शोधले. समुद्राच्या पाण्याचा हिरवा, गोड्या पाण्याचा निळा, वाफेचा चंदेरी, इंधनाचा तपकिरी, आग विझविण्याचा लाल, असे रंगाचे पट्टे त्यास पाठ झाले. त्यानें आमच्या फळ्यावर सगळा नकाशा न चुकतां काढून दाखविला. मग म्हणाला, "पण गुरुजी, बॉयलरला द्यायचें पाणी टाकींत आधींच गरम करून ठेवतात. बॉयलर तर तें तापविणारच, मग आधीं कशाला? मीं वरच्याला विचारलें, तर म्हणाला, तुला काय करायचें आहे? उघड म्हटलें कीं व्हॉल्व्ह उघड."

आम्हांसही त्या वेळीं उत्तर आलें नाहीं. आमचें शिक्षण मराठी अध्यापक विद्यालयाचें; जहाजाचें इंजिन आम्हीं चित्रांतच पाहिलेलें. पण 'तुला काय करायचें आहे' हें वाक्य आमच्या ओळखीचें निघालें. आमच्या आज्या-पणज्यांस हजारों वर्षें हेंच ऐकविण्यांत आलें होतें. म्हणून आम्हीं पुस्तकें मिळवून वाचलीं, जाणत्यांस विचारलें, आणि जें समजलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

पहिला सिद्धांत आपण सर्व जाणतां. भाईंदरचीं मिठागरें आपल्या डोळ्यांपुढचीं आहेत. खाडीचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत फिरवितात. ऊन पाणी नेतें, खार मागें राहतो. आधीं चुन्याची व जिप्समची साय खालीं बसते, मग मीठ धरतें. हें आगरी माणसास कोणत्याही कॉलेजानें शिकविलेलें नाहीं. आतां असें समजा कीं बॉयलर म्हणजे झांकण लावलेलें मिठागर. त्यांत समुद्राचें पाणी घालून उकळलें, तर वाफ इंजिनाकडे जाईल आणि खार बॉयलरांतच बसेल.

पूर्वीं असेंच होत असे. मुंबईस बांधलेली ह्यू लिंडसे ही आगबोट १८३० सालीं मुंबईहून सुएझला गेली. त्या काळच्या आगबोटी बॉयलरांत समुद्राचेंच पाणी घेत. समुद्राच्या पाण्यांत वजनानें सुमारें बत्तिसावा हिस्सा क्षार असतो. तो दुपटी-तिपटीवर गेला कीं बॉयलरांतील कांहीं खारट पाणी बाहेर सोडावें लागे व त्याच्या जागीं नवें घ्यावें लागे. म्हणजे कोळसा जाळून तापविलेलें पाणी पुन्हां समुद्रांत! एवढें करूनही जिप्समची जातकुळी अशी कीं, तें जितकें तापवावें तितकें कमी विरघळतें. म्हणून तें नेमकें सर्वांत तापलेल्या पत्र्यावर चिकटतें. आपल्या घरीं बोअरच्या पाण्यानें पातेल्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो, तोच हा प्रकार. थर बसला कीं पत्र्याची उष्णता पाण्यांत उतरत नाहीं. पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आणि आंतल्या दाबानें फुगून फाटतो. तो फाटतो तेव्हां समोर मालक नसतो. भट्टीपुढें उभा असलेला आगवाला असतो.

उपाय निघाला तो असा. वापरलेली वाफ फुकट न घालवितां थंड करून पुन्हां पाणी करावें आणि तेंच बॉयलरास परत द्यावें. जेम्स वॉटनें वाफ थंड करण्याचें भांडें इंजिनापासून वेगळें केलें व १७६९ सालीं त्याचा पेटंट घेतला. पण जहाजावर त्यांत वाफ व समुद्राचें पाणी एकत्र मिसळत असे. सॅम्युएल हॉल यानें १८३४ सालीं नळ्यांच्या कंडेन्सरचा पेटंट घेतला. नळ्यांच्या एका अंगास समुद्राचें थंड पाणी, दुसऱ्या अंगास वाफ. दोघांची भेट नाहीं, देवघेव फक्त उष्णतेची. वाफेचें गोडें पाणी होतें आणि खार समुद्रांतच राहतो. पुढें अनेक वर्षांनीं ही रीत सर्वत्र रूढ झाली.

आतां त्या पाण्याची फेरी पाहा. कंडेन्सरांतून पाणी निघून एका टाकींत येतें. तिला हॉटवेल म्हणतात. तेथून फीड पंप तें उचलतो आणि बॉयलरांत ढकलतो. बॉयलरांत वाफेचा जो दाब असेल त्याहून पंपाचा दाब अधिक पाहिजे, नाहीं तर पाणी आंत शिरणारच नाहीं. शिवाय बॉयलरच्या तोंडाशीं असा व्हॉल्व्ह असतो कीं पाणी आंत जातें पण उलटें येत नाहीं. पंप अचानक बंद पडला तर बॉयलरचें पाणी त्याच वाटेनें मागें येऊं नये, म्हणून ही सोय. आणि पंप एकच ठेवून भागत नाहीं. दुसरा तयार ठेवावा लागतो. बॉयलरास तहान लागली तर तो थांबत नाहीं, जळतो.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर काय? चुलीवर पाणी ठेवलें कीं उकळी येण्यापूर्वीं तळाशीं बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यांत विरघळलेली हवा. थंड पाणी हवा पुष्कळ धरतें, गरम पाणी थोडी. त्या हवेंतील प्राणवायु बॉयलरच्या लोखंडास गंजवून भोंकें पाडतो. म्हणून साधारण जहाजावर हॉटवेलमधील पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत गरम ठेवतात. हवा तेथेंच निघून जाते. शिवाय तापलेल्या लोखंडावर एकदम थंड पाणी गेलें तर तें तडकण्याचें भय असतें, तेंही टळतें. पण अति गरम केलें तर पंपाच्या तोंडाशींच पाण्याची वाफ होते आणि पंप पाणी सोडून वाफच चघळीत बसतो. म्हणून टाकी पंपाच्या वर उंचावर बसवितात, कीं पाणी आपल्या भारानें खालीं यावें. एवढेंच हें उत्तर! सातवीच्या मुलास समजेल असें. तें न सांगण्यांत कोणतें गुपित होतें?

आणखी एक गंमत आमच्या बायाबापड्यांसाठीं. परतणाऱ्या पाण्यांत यंत्राचें तेल येतें. तेलाचा पातळ थरसुद्धां खाराच्या जाड थराइतका घातकी; तोही उष्णता अडवितो. तें तेल गाळण्यास टाकींत काय भरीत? वाळलेल्या घोसाळ्याची जाळी! आपल्या कुंपणावरची घोसाळी, जिनें आपण अंग घासतों, तिनें आगबोटींचे बॉयलर राखले आहेत. आपल्या परड्यांतील वस्तु विद्येच्या दरबारांत बसते, आणि आपलीं मुलें दारांत उभीं राहतात, याचें आम्हांस वाईट वाटतें.

कोणी म्हणेल, मास्तर, वाफेचा जमाना गेला. अर्धें खरें आहे. बहुतेक व्यापारी जहाजें आतां डिझेलवर चालतात. आपली जुनी 'विक्रांत' १९६१ सालीं आरमारांत आली व १९९७ सालीं निवृत्त झाली; ती वाफेवर चालत असे. २०२२ सालीं आलेली नवी 'विक्रांत' गॅस टर्बाइनवर चालते. पण २०१३ सालीं आलेली 'विक्रमादित्य' वाफेवरच चालते. डिझेल जहाजावरही जड तेल पातळ करण्यास, टाक्या तापविण्यास लहान बॉयलर असतो. इंजिनाच्या धुराची उष्णता घेऊन वाफ करणारा दुसराही असतो. आणि बॉयलर नसला तरी पंप व पाइप सुटत नाहींत. इंजिन थंड करावयाचें पाणी आहे. इंजिनाच्याच उष्णतेनें समुद्राचें गोडें पाणी करण्याचें यंत्र आहे. तळाशीं सांचलेलें तेलकट पाणी उपसावयाचें आहे. तें पाणी समुद्रांत सोडतांना दहा लाख भागांत तेलाचे पंधराहून अधिक भाग असतां कामा नयेत, असा जगाचा कायदा आहे. तो कायदा मोडला तर मासळी कोणाची मरते, हें कोळीवाड्यास सांगावयास नको.

आतां मुख्य गोष्ट. गोऱ्यांच्या राज्यांत आगबोटींवर आमचे हिंदी लोक आगवाले, कोळसेवाले, तेलवाले होते. गोऱ्या खलाश्याच्या मानानें त्यांस पगार फार थोडा मिळे, आणि इंजिनियरची जागा त्यांच्यासाठीं नव्हतीच. बुद्धि नव्हती असें नाहीं. मुंबईच्या गोदींतील अर्देशीर कर्सेटजी वाडिया १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचा पहिला हिंदी सभासद झाला. संधि मिळाली तेथें बुद्धि दिसली. आज कायद्यानें कोणतेंही दार बंद नाहीं. तरी आमचीं मुलें दहावीवर थांबतात, कारण घरास पैसा लगेच पाहिजे, आणि गणित म्हणजे भटाघरची वस्तु, अशी जुनी भीति अजून मनांत आहे. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें गाऱ्हाणें मांडलें, शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तें ही भीति काढण्यासाठींच. त्यांचें काम आपण दहावीवर अर्धें सोडावें काय?

आणखी एक दुःख सांगतों. आमच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बापानें जमिनीचा तुकडा विकून एका दलालास पैसे दिले. मुलास जहाज मिळालें नाहीं. दलाल खोली बंद करून गेला. ध्यानांत ठेवा: खलाशी भरती करणाऱ्यास जहाज महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकानें नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणें नियमाविरुद्ध आहे. जो पैसे मागतो तो तेथेंच खोटा ठरला. परवाना पाहिल्याशिवाय एक पैही देऊं नका.

खरी वाट अशी. बारावीला भौतिक, रसायन व गणित घेऊन मुलानें इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेशपरीक्षा द्यावी. चार वर्षांची मरीन इंजिनियरिंगची पदवी आहे. हें विद्यापीठ २००८ सालीं स्थापन झालें व त्याचें शिक्षण मुंबईंतही मिळतें. मेकॅनिकल इंजिनियर झाल्यावर एक वर्षाचा अभ्यास करूनही जातां येतें. आरमाराची इंजिनविद्या लोणावळ्यास 'शिवाजी' नांवाच्या संस्थेंत १९४५ पासून शिकवितात. ज्या संस्थेस महाराजांचें नांव आहे, तिच्या दारांत महाराजांच्या मावळ्यांचीं मुलें दिसलीं पाहिजेत. आणि मुलें म्हणजे मुलगेच, असें आम्ही समजत नाहीं. व्हॉल्व्हला मुलाचा हात आणि मुलीचा हात यांतला भेद कळत नाहीं.

तो विद्यार्थी परत जहाजावर गेला आहे. जाण्यापूर्वीं आम्हीं त्यास हॉटवेलचें कारण फळ्यावर समजावून दिलें. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "गुरुजी, हें शाळेंत सांगितलें असतें तर!" बंधुभगिनींनो, आम्हीं मान खालीं घातली. दोष त्याचा नव्हता. आम्हीं विज्ञान पाठ करून घेतलें, मिठागराकडे बोट दाखविलें नाहीं. तो दोष आम्ही आतां भरून काढणार. येत्या सोमवारपासून रोज सायंकाळीं एक तास शाळेंत गणित व विज्ञान फुकट शिकवूं. तुम्ही एवढेंच करा, मूल त्या तासास पाठवा, आणि त्यानें "असें कां?" म्हणून विचारलें, तर "तुला काय करायचें आहे?" असें त्यास कधींही म्हणूं नका.