सोनेगावची रांग



आत्ता माझी ओळख करून देताना 'सॉफ्टवेअर इंजिनियर, नेदरलँड्स' असं सांगितलं गेलं. ते खरं आहे, पण मी मूळची वाडीचीच. अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या हॉर्नमध्ये पाढे पाठ केलेली. मला यशाबद्दल बोलायला सांगितलं होतं. सर, माफ करा, मी विषय बदलते आहे. मी बोलणार आहे आपल्या सोनेगावच्या विमानतळावरच्या एका रांगेबद्दल.

आपल्या लहानपणी सोनेगाव म्हणजे गच्चीवरून दिसणारं विमान. माझे बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या गावी परत जायची. देशाच्या चार टोकांची पत्रं आपल्या सोनेगावात भेटायची, याचा बाबांना फार अभिमान होता.

आता त्याच विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे, आणि २००८ पासून नवी टर्मिनल इमारत आहे. देशातली आणि परदेशातली विमानं एकाच इमारतीतून सुटतात. मोठ्या विमानतळावर माणूस पाट्या वाचत चालून चालून दमतो. इथं चालावं लागतच नाही. इथं उभं राहावं लागतं. दोहा, शारजा ही विमानं रात्रीची-पहाटेची. दिवसभर शांत असलेला तो कोपरा दोन-तीन तासांत जत्रेसारखा भरतो. काउंटर मोजके, आणि रांगा एकामागून एक: दारावर जवान तिकीट-पासपोर्ट बघतो, मग चेक-इन, मग इमिग्रेशन, मग कस्टम्स, मग सुरक्षा तपासणी. एका रांगेत चूक झाली की पुढच्या सगळ्यांत आपण शेवटचे.

गेल्या डिसेंबरात मी आईला माझ्याकडे नेत होते. बाबा गेल्यानंतरचा तिचा पहिलाच मोठा प्रवास. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात. व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवली होती, पासपोर्ट आणि तिकिटावरचं नाव तीनदा ताडून पाहिलं होतं, तीन तास आधी पोचलो होतो. मला वाटलं, तयारी पूर्ण. आणि आईची बॅगच अडली. आईनं मला न सांगता त्यात सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानाच्या सामानात चालत नाही. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत, आणि माझी पॉवर बँक मोठ्या बॅगेत. म्हणजे सगळंच उलटं! मी जमिनीवर बसून बॅग उपसतेय, मागचे लोक कुरकुरताहेत, आई रडवेली झालेली.

तेवढ्यात एक माणूस पुढे आला. "मॅडम, घाबरून नका राहू. लोणचं मोठ्या बॅगेत टाका, पॉवर बँक हातात घ्या, खोबरं सोडा. तुमचा नंबर मी धरून ठेवतो." आईची कागदपत्रं त्यानं एका वेगळ्या पाकिटात काढून तिच्याच हातात दिली. आईनं विचारलं, "कुठला रे बाबा तू?"

"वाडीचाच, काकू."

मग त्यानं मला शाळेचं नाव सांगितलं. मग वर्गाची तुकडी. तो खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. मी पहिल्या. पाच वर्षं एका वर्गात काढली, आणि मी त्याला ओळखलं नाही. त्यानं मला रांगेत उभं राहिल्याबरोबर ओळखलं होतं.

त्याचं नाव मी घेत नाही, तसं त्यानं सांगितलंय. तो कतारमध्ये ट्रेलर चालवतो. दहावीत त्याचं गणित आणि इंग्रजी गेलं. पुढं काही वर्षं वाडीतच ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग आखात. त्या पुढच्या रांगेत उभं असताना त्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी इतके विमान प्रवास करूनही मला माहीत नव्हती. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. नोकरीसाठी आखाती देशांत जायचं तर अशा माणसाला आधी सरकारकडून वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कायदा त्याच्या भल्यासाठीच आहे, एजंटांनी फसवू नये म्हणून. पण तो म्हणाला, "दर वेळी खिडकीत साहेब पासपोर्ट उघडे, अन् मला वाटे, आपला निकालच पुन्हा वाचून राहिला."

म्हणून त्यानं दहावीच्या परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला. सुट्टी जुळवून, बिनपगारी घेऊन, पोरांच्या वयाच्या मुलांसोबत परीक्षेला बसला आणि २००९ साली दहावी पास झाला. शेरा गेला. मी म्हटलं, "मग आपल्या मेळाव्याला ये ना! फॉर्म आला नाही का?"

तो म्हणाला, "आला होता ना. भावानं पाठवला. त्यात दहावी पासचं वर्ष विचारते. आपल्या बॅचचं टाकलं तर खोटं होते. अन् २००९ टाकाव म्हटलं तर ते यादीतच नाही. सोडून दिलं."

मित्रांनो, तो फॉर्म मी बनवला होता. तो रकाना सक्तीचा मीच केला होता, आणि वर्षांची यादीही मीच घातली होती. वीस वर्षं मी हेच काम करते. फॉर्म भरणारा कोण आहे याचा विचार करा, असं नव्या मुलांना शिकवते. आणि माझ्याच वर्गातल्या मुलाला मी दारातच अडवलं होतं. विमानतळावरच्या जवानानं निदान त्याचा पासपोर्ट तरी बघितला. मी तेवढंही केलं नाही.

दोह्याला उतरल्यावर तो त्याच्या रांगेला गेला, आम्ही पुढच्या विमानाला. आई झोपली होती. मी तिथंच बसून फॉर्म उघडला. 'दहावी उत्तीर्ण वर्ष' काढून टाकलं आणि लिहिलं, 'शाळेत होतात ती वर्षं'. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर अकरा नावं आली. त्यांत चार जणी आहेत, ज्यांची लग्नं ठरली म्हणून नववीतूनच शाळा सुटली. त्यातल्या दोघी आज इथं बसल्या आहेत.

तो आलेला नाही. त्याला सुट्टी नाही. पण यादीत त्याचं नाव आहे, बाई, तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला तो नक्की आठवेल.

माझी एकच विनंती आहे. आज घरी जाताना आपापल्या बाकावर शेजारी कोण बसायचं ते आठवा, आणि यादीत नसलेलं एक तरी नाव समितीकडे द्या. फोन नंबर नसला तरी चालेल. शोधायचं काम माझं.

आणि हो, सोनेगावहून परदेशी जाणार असाल तर तीन तास आधी निघा, कागद वेगळ्या पाकिटात ठेवा, आईची बॅग स्वतः उघडून बघा. आणि रांगेत मागं वळून बघा. आपल्या वाडीचं कुणीतरी उभं असेल.