मूठ आणि मनगट
(नागपंचमीच्या दिवशीं गांवच्या तालमींत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आज तालमीची पूजा झाली, आखाड्यांत नवी माती पडली, नारळ फुटला. वस्ताद म्हणाले, 'गुरुजी, पोरांना दोन शब्द सांगा.' मी पैलवान नाहीं. माझा जन्म खडू धरण्यांत गेला. तरी आज मी बोलायला उभा राहिलों, याचें कारण असें कीं, जें सांगणार आहें त्यांत माझी स्वतःची एक चूक आहे. ती दुसऱ्या कोणाच्या पोराला भोंवूं नये.

मागल्या वर्षीं सुतारआळींतला एक पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, 'गुरुजी, जोर मारून दंड भरले, पण कोपरापासून मनगटापर्यंतचा हात काटकुळाच राहिला. काय करूं?' मीं त्याला मनगटाची दांडी करून दिली. ती कशी करायची तें पुढें सांगतों. पोरगा चिकाटीचा. सकाळ-संध्याकाळ, एक दिवस न चुकवतां, दांडी फिरवूं लागला. महिन्याभरानें म्हणाला, 'कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येते.' मीं सांगितलें, 'दुखतें आहे म्हणजे वाढतें आहे. नेट धर.' त्यानें नेट धरला. शेवटीं भरलेला तांब्या उचलवेना, रंधा धरवेना. ऐन कामाच्या दिवसांत अडीच महिने त्याच्या बापानें एकट्यानें काम ओढलें. ज्या घराचें पोट हातावर आहे, त्या घराचा एक हात माझ्या अज्ञानानें बांधून ठेवला! तेव्हांपासून मीं पुस्तकें चाळलीं, डॉक्टरांना विचारलें, वस्तादांजवळ बसलों. जें कळलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

पोरांनो, डाव्या हातानें उजवा हात कोपराच्या जरा खालीं धरा आणि उजव्या हाताचीं बोटें हलवा. डाव्या पंजाखालीं कांहीं हलतें कीं नाहीं? बोटें तिकडे, आणि हालचाल इकडे! बोटांत स्नायु नाहींतच. तळहातांत कांहीं लहान स्नायु आहेत. पण मूठ आवळण्याचें खरें बळ कोपराखालच्या या हातांत असतें. मोट आठवा. बैल धांवेवर, मोट विहिरींत, आणि मधें नाडा. तसे स्नायु हे बैल, बोटें ही मोट, आणि मधल्या नाड्याला कंडरा म्हणतात. कोपर ते मनगट एवढ्या जागेंत असे सुमारें वीस स्नायु आहेत.

त्यांचे ढोबळ मानानें तीन गट समजा. तळहाताच्या अंगाचे स्नायु मूठ मिटतात व मनगट आंत वाकवतात. पाठीमागच्या अंगाचे स्नायु बोटें उघडतात व मनगट मागें उचलतात. तिसरे हात फिरवतात. कुलुपाची किल्ली फिरवतांना त्यांचेंच काम असतें. अंगठ्याच्या बाजूनें कोपराजवळ जो फुगीर स्नायु दिसतो, तो अंगठा वर ठेवून वजन उचललें कीं जोर लावतो. हात भरदार दिसावा असें वाटत असेल, तर या सगळ्यांना काम दिलें पाहिजे. एकट्या मुठीनें भागत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, 'गुरुजी, आम्ही जन्मभर कुदळ मारतों, घण मारतों, धारा काढतों. आम्हांला वेगळा व्यायाम कशाला?' प्रश्न रास्त आहे. कष्टानें हात कणखर होतो, यांत शंका नाहीं. पण कुदळीचें वजन काल होतें तेंच आज आहे. स्नायूला एकदां त्या वजनाची संवय झाली, कीं तो वाढायचा थांबतो. दुसरें असें कीं, आपलीं बहुतेक कामें मूठ मिटण्याचीं. मूठ आवळली कीं मनगट सैल पडूं नये म्हणून मागच्या अंगाच्या स्नायूंना सारखा ताण धरावा लागतो. त्यांच्यावर भार मोठा, पण त्यांची वेगळी तयारी कोणी करून घेत नाहीं. शेवटीं कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ, जेथें त्या स्नायूंचें मूळ आहे, तेथें कळ सुरू होते. सुतार, गवंडी, लोहार, धुणें पिळणाऱ्या आयाबहिणी, सगळ्यांना ही कळ ठाऊक आहे. त्या पोरालाही तीच झाली. म्हणून कष्टकऱ्याला व्यायाम हवा, आणि तोही मोजून-मापून हवा.

नुसत्या आकाराच्या मागें लागूं नका, हेंही सांगतों. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र हिंदुस्थानला एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें पदक. त्यांचा वजनगट होता ५७ किलोचा! शेतकऱ्याच्या घरचा हा लहान चणीचा गडी जगांतल्या मल्लांना भिडला. कुस्तींत आधीं पकड लागते. फुगलेला हात नुसता पाहायला बरा.

आतां व्यायाम. यांतल्या एकालाही दुकानांत जावें लागत नाहीं.

पहिला, लोंबकळणें. लिंबाच्या मजबूत फांदीला दोन्ही हातांनीं लोंबकळा. प्रथम दहा अंक मोजेपर्यंत, मग वाढवत साठापर्यंत. असें तीन वेळां. हें जमल्यावर वस्तादांच्या देखरेखीखालीं दोरावर चढा.

दुसरा, बादल्या घेऊन चालणें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, म्हणजे आपल्या घरांत वजनाचीं मापें फुकट आहेत. दोन बादल्यांत दहा-दहा लिटर पाणी घ्या आणि पाठ ताठ ठेवून चाळीस पावलें चाला. नीट जमलें कीं एकेक लिटर वाढवा. कडीला जुनें फडकें गुंडाळून ती जाड करा. जाड वस्तु धरायला बोटांना अधिक जोर लागतो.

तिसरा, मनगटाची दांडी. हातभर लांबीचा वेळू घ्या, त्याच्या मधोमध कमरेइतका लांब दोर बांधा, आणि दोराला वाळूची दोन किलोची पिशवी अडकवा. तळवे जमिनीकडे ठेवून, मनगटें आळीपाळीनें फिरवत दोर गुंडाळून पिशवी वर आणा. मग तितक्याच सावकाशीनें खालीं सोडा. धपकन् सोडूं नका. सोडण्यांतही स्नायूला तितकेंच शिक्षण मिळतें.

चौथा, मनगट वाकवणें. बसून हात मांडीवर टेका, मनगट गुडघ्याच्या पुढें येऊं द्या. मुठींत वाळूची पिशवी धरून, तळवा आकाशाकडे ठेवून मनगट वर-खालीं करा. मग तळवा जमिनीकडे करून तेंच करा. पण या वेळीं वजन निम्मेंच घ्या, कारण मागचे स्नायु दुबळे असतात.

पांचवा, हातोडा फिरवणें. हात तसाच मांडीवर ठेवून हातोडा दांड्याला धरा आणि सावकाश डावीकडे-उजवीकडे कलवा. जड वाटला तर मूठ लोखंडाजवळ आणा, हलका वाटला तर दांड्याच्या टोकाकडे न्या.

सहावा, मूठ उघडणें. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद चकती कापा, पांचही बोटांभोंवतीं घाला आणि बोटें फांकवा. हा व्यायाम फार साधा दिसतो, म्हणून कोणी करीत नाहीं. कोपराची कळ टाळायची असेल तर तो सोडूं नका.

मनगटाचे व्यायाम एका वेळीं दहा ते पंधरा, असे तीन फेरे पुरे. शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत, पण अंगाला झोंका देऊन उचलावें लागेल इतकें वजन नको. आठवड्यांतून दोन किंवा तीनच दिवस करा आणि मधें एक दिवस सोडा. माझी चूक येथेंच झाली. व्यायाम करतांना स्नायु थकतो. वाढतो तो विश्रांतींत आणि झोंपेंत. आणि कंडरा स्नायूपेक्षां सावकाश तयार होते, कारण तिला रक्ताचा पुरवठा कमी. बैल दमदार झाले आणि नाडा जुनाच राहिला, तर तुटणार काय? नाडाच! ऊसतोडणी, काढणी अशीं हाताचीं कामें ज्या दिवसांत जोरांत असतील, त्या दिवसांत व्यायाम निम्म्यावर आणा.

दुखण्यादुखण्यांत फरक आहे. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीं मांसल भाग ठणकला आणि दोन-तीन दिवसांत बरा झाला, तर चिंता नाहीं. पण कोपराच्या हाडाजवळ बोट ठेवून दाखवतां येईल अशी कळ, वस्तु धरतांना येणारी, ही कळ म्हणजे 'थांब' म्हणून सांगणारी हांक आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारचीं बोटें रात्रीं बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर मनगटांत शीर दबत असण्याचा संभव आहे. तेव्हां अंगारा लावीत बसूं नका, डॉक्टरांकडे जा.

पोटाचें म्हणाल, तर आधीं पोटोबा. अंग कमवणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागें रोज सुमारें दीड ग्रॅम प्रथिनें पुरतात. साठ किलोच्या गड्याला ९० ग्रॅम झालीं. हिशेब करा: तीनशें ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी ३०, शंभर ग्रॅम हरभरा किंवा डाळ २०, अर्धा लिटर दूध १६, दोन अंडीं १२, पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२. झालीं नव्वद! जें आपण पिकवतों आणि गोठ्यांत बांधतों, त्यांतच हें आहे. मग बापाच्या कापसाचे पैसे डब्यांतल्या पावडरीवर कां उधळतां? त्या पावडरीत दुधातल्या प्रथिनांहून निराळी अशी जादू नाहीं. आणि झटपट हात फुगवणारीं जीं सुया-औषधें चोरून विकलीं जातात, त्यांनीं हृदय आणि यकृत बिघडतें, पौरुषालाही धोका पोंचतो. त्यांच्या वाटेला जाऊं नका.

माता-भगिनींनो, हें सगळें पोरांपुरतेंच आहे असें समजूं नका. जात्यावर दळणारी आपली आजी कोणाच्या मुठींत हात देऊन सोडवून घ्यायला कमी नव्हती. आतां गिरणी आली, नळ आला. कष्ट वांचले हें उत्तमच झालें, पण हाताचें बळही गेलें. २०१५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत सतरा देशांतल्या सुमारें एक लाख चाळीस हजार लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांत आपला देशही होता. ज्यांची मूठ दुबळी, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक आढळलें. मूठ आवळल्यानेंच आयुष्य वाढतें, असा याचा अर्थ नव्हे. पण मूठ ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे, एवढें नक्की. म्हणून मुलींनींही बादल्या घेऊन चालावें, लोंबकळावें. म्हाताऱ्यांनीं झेपेल तेवढें करावें. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि श्वास न कोंडतां.

शेवटीं एक खरें सांगतों. कोणाचा हात किती भरेल, हें कांहीं अंशीं आईबापांकडून आलेल्या हाडावर आणि ठेवणीवर अवलंबून आहे. महिन्यांतून एकदां, व्यायामाच्या आधीं, दोरी लावून माप घ्या. शेजाऱ्याच्या दोरीशीं आपली दोरी ताडूं नका. आपल्याच मागल्या महिन्याच्या गांठीशीं ताडा.

तो सुताराचा पोरगा आज येथेंच बसला आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यानें आधीं विश्रांती घेतली, मग अर्ध्या किलोपासून सुरुवात केली. तळवा खालीं, सावकाश सोडत. चार महिन्यांनीं कळ गेली. त्याचा हात कांहीं पैलवानाचा झालेला नाहीं. पण तालमीच्या दाराला आज जी नवी फळी दिसते, ती त्यानेंच रंधून बसवली आहे. मीं त्याची माफी एकांतांत मागितली होती. आज चारचौघांत मागतों.